आठ पाती

आईचा एक फोटो आहे. भिलाईच्या मैत्री बागेत १९८१ च्या हिवाळ्यात बाबांनी काढलेला. कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढा. आई झाडाखालच्या बाकावर बसली आहे. शालीचं टोक हातात धरून, कॅमेऱ्याकडे न बघता, बाजूला कुणाशी तरी बोलते आहे. तिच्या डोक्यामागे पानांतून झिरपणाऱ्या उन्हाचे पुसट ठिपके आहेत. मला त्या ठिपक्यांविषयी लिहायचं आहे.

बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्यात होते. १९५५ च्या करारानंतर सोव्हिएत मदतीने उभा राहिलेला हा कारखाना. मैत्री बागही त्याच मैत्रीची, १९७२ सालची. आमच्या लहानपणी टाउनशिपमध्ये रशियन इंजिनिअर आणि त्यांची कुटुंबं दिसत. मायदेशी परतणाऱ्या अशाच एका इंजिनिअरकडून बाबांनी कॅमेरा घेतला होता. पुढे धाकट्या भावाच्या आजारपणात तो विकला गेला. घरात त्याचा उल्लेख ‘झेनिट’ असाच होई. कुठला झेनिट, त्यावर लेन्स कुठली, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मला सुचलं तेव्हा आई गेलेली होती आणि बाबांना पक्षाघात होऊन गेला होता.

पक्षाघातानंतर बाबांचं बोलणं परत आलं, पण नामं आली नाहीत. क्रियापदं शाबूत आहेत. ‘पाणी’ आठवत नाही, ‘प्यायचं’ म्हणतात. माझं नाव त्यांना सुचत नाही. ‘ही लिहिते’ असं डॉक्टरांना सांगतात. कॅमेऱ्याचं विचारलं तेव्हा बराच वेळ हवेत बोटं हलवून म्हणाले, ‘‘ते... फिरवायचं असतं ना, ते.’’ मी म्हटलं, ‘‘हो बाबा.’’ लेन्सवर फिरवायचं असतंच सगळं. त्या उत्तराचा मला काही उपयोग झाला नाही.

मग मी लेन्स गोळा करू लागले. त्या काळातल्या झेनिटवर बहुधा हेलिओस-४४ असे, ५८ मिलिमीटर, एफ/२. ही लेन्स मूळची रशियन नाही. येनाच्या कार्ल झाइस कंपनीत विली मेर्टे यांनी आखलेल्या बायोटारची ती आवृत्ती. सहा भिंगं, चार गट, तीच रचना. युद्धानंतर येना सोव्हिएत ताब्यात गेलं; तिथली यंत्रं आणि कित्येक तंत्रज्ञही रशियात नेण्यात आले. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कला बायोटारचा नवा जन्म झाला आणि तिला ग्रीक सूर्यदेवाचं नाव मिळालं. परदेशी पाठवायच्या लेन्सवर रोमन लिपीत ‘हेलिओस’, घरच्या बाजारातल्या लेन्सवर रशियन लिपीत ‘गेलिओस’. रशियनमध्ये ‘ह’ नाही, म्हणून तिथे हॅम्लेटचाही गामलेत होतो. माझं निम्मं आयुष्य बंगालीतून मराठीत ये-जा करण्यात गेलं आहे. नाव बदलून दुसऱ्या घरात नांदणाऱ्या या वस्तूशी माझं लगेच जमलं.

आज माझ्याकडे तीन हेलिओस आहेत. पहिली ४४-२, कोलकात्यातल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातून आणलेली. तिच्यावर लोलकातून वाकून जाणाऱ्या किरणाचं, क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्याचं चिन्ह आहे. क्रमांकाचे पहिले दोन आकडे ७८, म्हणजे १९७८ ची. दुसरी ४४एम. तिसरी बरीच नंतरची, ४४एम-६, अनेक थरांचं लेपन असलेली.

भिंगांची मांडणी तिन्हींत एकच. फरक आहे तो छिद्र लहानमोठं करणाऱ्या पात्यांत आणि ती पाती मिटवायच्या पद्धतीत. सगळ्यात जुन्या, चंदेरी ४४ मध्ये तेरा पाती असत. त्यामुळे छिद्र कितीही मिटलं तरी जवळजवळ गोल राहतं. ४४-२ मध्ये आठ, ४४एम मध्ये आठ. पुढच्या ४४एम-४ पासून सहा. कमी पाती म्हणजे कमी सुटे भाग आणि सोपी जुळणी. तीक्ष्णता मात्र वाढत गेली. ४४-२ साठी मध्यभागी मिलिमीटरला ३८ रेषांचं माप दिलेलं असे, ४४एम-७ पर्यंत ते ५० वर गेलं.

आठवडाभर मी तिन्ही लेन्सनी एकच दृश्य टिपलं: गच्चीवरची जास्वंद, मागे शेजाऱ्यांचा कडुनिंब. छिद्र पूर्ण उघडं असताना तिन्हींत कडुनिंब गरगरतो. कडेला जाताना ठिपके मांजराच्या डोळ्यांसारखे चपटे होतात आणि फूल भोवऱ्याच्या मध्ये बसल्यासारखं दिसतं. लेन्सच्या नळीत कडेचा प्रकाश अडतो, त्याचा हा परिणाम. लेन्स आखणाऱ्यांच्या हिशेबात तो दोष होता, आज लोक त्याचसाठी ही लेन्स शोधतात. उन्हाकडे तोंड केलं की ४४-२ चं चित्र दुधाळ होतं. ४४एम-६ च्या लेपनामुळे काळा रंग बराच काळा राहतो. छपाईसाठी फोटो काढायचा असेल तर मी डोळे झाकून तिसरी लेन्स घेईन. जुनं तेच चांगलं, असं म्हणायला मला पुरावा सापडला नाही.

छिद्र एफ/४ पर्यंत मिटवलं की गरगर शांत होते आणि ठिपक्यांना कोपरे येतात. एम-६ चे ठिपके षट्कोनी, बाकी दोघींचे अष्टकोनी. त्या रात्री मी आईचा फोटो भिंगाखाली धरला. तिच्या कानामागचा एक ठिपका इतरांपासून सुटा आहे. त्याचे कोपरे मी चार वेळा मोजले. आठ.

म्हणजे ४४-२ किंवा ४४एम. फोटोत यापुढे काहीच नव्हतं. दोन्हींची भिंगं तीच, पाती तितकीच. कागदावर उमटणारं चित्र तेच. फरक होता तो फक्त काढणाऱ्याच्या हातात. ४४एम च्या पाठीमागे एक बारीक खीळ असते. बटण दाबताच कॅमेरा ती खीळ ढकलतो आणि पाती आपोआप मिटतात. १९७७ च्या झेनिट-टीटीएलवर ही सोय होती, आधीच्या झेनिट-ई वर नव्हती. ४४-२ मध्ये ते काम माणसाचं. तिच्यावर दोन कडी असतात. एक कट्‌कट्‌ आवाज करत आकड्यावर थांबतं. दुसरं बिनआवाजी. उघड्या छिद्रातून फोकस करायचं, मग हे दुसरं कडं अडेपर्यंत फिरवायचं. समोरचं चित्र अंधारतं. त्या अंधारातच बटण दाबायचं.

याच दिवसांत माझ्या टेबलावर माझ्याच पहिल्या अनुवादाची प्रत पडून होती. पंधरा वर्षांपूर्वी केलेली एक बंगाली कादंबरी. नवी आवृत्ती निघणार होती आणि मी ‘जरा हात फिरवते’ म्हणून तीन प्रकरणं जवळजवळ नव्याने लिहून काढली होती. जादवपूरला तुलनात्मक साहित्याचं एम. ए. करून नुकती बाहेर पडलेली मुलगी त्या जुन्या पानांत दिसत होती आणि मला तिची लाज वाटत होती. ‘अभिमान’ या बंगाली शब्दाचा अर्थ रुसवा. तिने तो दोन जागी मराठी अभिमानच ठेवला होता. ही सरळ चूक. पण तिची वाक्यं लांब होती, धापा टाकत धावणारी, आणि मूळ लेखिकेची वाक्यंही तशीच आहेत. मी ती कापून सुटसुटीत केली होती. लेपन चढवलं होतं आणि पाती कमी केली होती. ती तीन प्रकरणं मी बाजूला ठेवली. जुन्या प्रतीत चुका तेवढ्या सुधारल्या, लांब वाक्यं होती तशी पाठवली. हे बरोबर केलं की नाही, ते वाचणारे ठरवतील. एम-६ आवडणारे वाचकही असतात.

रविवारी दुपारी बाबांच्या हातात मी ४४एम दिली, माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसवलेली. डावा हात लेन्सखाली गेला. उजव्यात जोर कमी आहे, म्हणून कॅमेऱ्याला मी खालून आधार दिला. त्यांनी फोकसचं कडं फिरवलं, मग बोटं पुढे सरकली, कट्‌कट्‌ आवाज झाला आणि ती थांबली. त्यांनी मान हलवली. ‘‘नाही,’’ म्हणाले आणि कॅमेरा मांडीवर ठेवला.

मी लेन्स बदलून ४४-२ लावली. काही सांगितलं नाही.

त्यांनी कॅमेरा उचलला, खिडकीकडे नेला, मग माझ्याकडे वळवला. फोकस केलं. आणि लेन्सकडे न बघता बोटांनी बिनआवाजी कडं पकडून अडेपर्यंत फिरवलं. सवयीने, दाराची कडी लावावी तसं. पडदा अंधारला. तेव्हा त्यांनी बटण दाबलं.

‘‘फिरवायचं,’’ म्हणाले.

एवढ्यावरून कुणी काही सिद्ध करणार नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या सवयीची साक्ष एका आजारी हाताने दिली, इतकंच. पण वर्षभरापूर्वी त्यांनी मला हेच सांगितलं होतं. मी नाम शोधत बसले होते, म्हणून मला ऐकू आलं नव्हतं. एक गोष्ट त्यातून आणखी कळली. आई बाजूला बघून बोलत होती तेव्हा बाबांना ती नीट दिसत नव्हती. कडं फिरवून त्यांच्यासमोर अंधार झाला होता आणि त्या अंधारात ती तशीच असेल, अशा भरवशावर त्यांनी बटण दाबलं होतं.

बाबांनी काढलेला माझा फोटो मी ठेवला आहे. डोळे फोकसमध्ये नाहीत, कान आहे. मागच्या खिडकीतून आलेल्या उन्हाचे तीन ठिपके पडले आहेत. कोपरे मी मोजले नाहीत.