भाडेपट्ट्यातील शब्द

काव्याचे भाषांतर कठीण आणि व्यवहाराच्या कागदाचे सोपे, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे. अलीकडे एका माजी विद्यार्थ्याच्या पॅरिसमधील दुकानाचा भाडेपट्टा फ्रेंचमधून इंग्रजीत उतरविण्याचा योग आम्हांस आला, आणि या समजाविषयी चार शब्द लिहावेसे वाटले. दुकानाचे भांडवल मुंबईच्या चुलत्यांचे; त्यांस फ्रेंच येत नव्हते, आणि न वाचता सही करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

काही शब्द नुसतेच खोडकर असतात. फ्रेंच 'काव्ह' म्हणजे तळघर. परंतु तीच अक्षरे पाहून इंग्रजी वाचकाच्या डोळ्यांपुढे गुहा उभी राहते. 'कूव्हेर्त्यूर' हे बिछान्यावर पांघरूण असते आणि इमारतीवर छपराचे आच्छादन! अशा ठिकाणी चांगला शब्दकोश आपली अब्रू राखतो.

खरी अडचण पुढे येते. फ्रान्सच्या 1804 सालच्या दिवाणी संहितेचे 606 वे कलम मोठ्या दुरुस्त्या कोणत्या ते सांगते: 'ग्रो म्यूर' व कमानी यांची दुरुस्ती, तुळया व संपूर्ण छपरे पुन्हा घालणे, तसेच बंधारे, आधारभिंती आणि कुंपणभिंती पूर्णपणे पुन्हा उभारणे. बाकी साऱ्या दुरुस्त्या किरकोळ निगेच्या. आता 'ग्रो' म्हणजे जाड. पण 'जाड भिंती' असे लिहावे, तर वाचक पट्टी घेऊन रुंदी मोजू लागेल. येथे अभिप्रेत आहेत इमारतीचा भार वाहणाऱ्या भिंती. इंग्रजी पट्ट्यांत 'मेन वॉल्स' हा शब्द तयार आहे. तथापि त्याच्यामागे इंग्लंडची न्यायालयेही चालत येतात. खिडक्या या 'मेन वॉल्स'मध्ये मोडत नाहीत, असा निर्णय तेथील अपील न्यायालयाने 1959 साली एका खटल्यात दिला. फ्रेंच भिंतीला इंग्रजी नाव देताच परक्या न्यायाधीशांचे मतही तिला चिकटते.

हा शब्दांचा नुसता कीस नव्हे. धंद्याच्या जागेच्या पट्ट्यात 606 व्या कलमातील दुरुस्त्यांचा खर्च भाडेकरूवर लादण्यास 2014 सालच्या हुकुमाने मनाई झाली. तत्पूर्वी करारात तसे लिहून घेता येत असे. म्हणजे 'संपूर्ण' हे एक विशेषण भाषांतरात गळले, तर चार फुटक्या कौलांचा खर्चही मालकाचाच, अशा भ्रमात भाडेकरू राहावयाचा. उलट 1754 वे कलम, करारात वेगळे ठरले नसल्यास, बारीकसारीक दुरुस्त्या भाडेकरूकडे सोपविते: खोलीच्या भिंतीचा तळाकडील गिलावा एक मीटर उंचीपर्यंत, जमिनीच्या फुटलेल्या थोड्या फरश्या, आणि खिडक्यांच्या काचा. मात्र काच गारपिटीने फुटली, तर तो भार त्याच्यावर नाही. एवढा हिशोबी कायदा वाचताना आम्हांस एखाद्या करारी आजीबाईंची आठवण झाली.

शेवटी अशा प्रत्येक ठिकाणी मूळ फ्रेंच शब्द तसाच ठेवून, शेजारी साध्या इंग्रजीत त्याचे वर्णन व कलमाचा आकडा देण्याचे आम्ही ठरविले. चुलते काहीसे रुष्ट झाले. "प्रोफेसरसाहेब, आम्ही इंग्रजी मागितले, आणि तुम्ही तर फ्रेंचच शिल्लक ठेवलेत!" त्यांस आम्ही एवढेच म्हणालो, की उद्या भिंतीला तडा गेलाच, तर तेथील न्यायाधीश आमचे इंग्रजी वाचणार नाही. यावर त्यांनी कागद पुन्हा हाती घेतला आणि पेन्सिलीने प्रत्येक फ्रेंच शब्दाखाली रेघ मारून समासात लिहिले: मालक, भाडेकरू, मालक, भाडेकरू.

कोशकार विचारतो, या वस्तूला काय म्हणतात? भाडेपट्टा विचारतो, ती पडली तर उभी कोणी करावयाची? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या भाषांतरात मिळत नाही, ते कितीही सुबक असो, सही करणाऱ्याच्या उपयोगाचे नाही. कवितेतला शब्द चुकला तर रसिक हळहळतो. येथे शब्द चुकला तर एखाद्या कुटुंबाची शिल्लक छपरावर खर्ची पडते.