झाडीचा सूर

गावास स्वतःचा सूर सापडतो तो पुष्कळदा अशा वस्तूंत, ज्यांची शिकलेल्यांस लाज वाटत असते. हे आम्हांस उमगले ते आमच्या चिरंजीवांमुळे. गेल्या कार्तिकात त्यांनी आम्हांस ‘सिक्स्टीन हॉर्सपॉवर’ या अमेरिकन वाद्यवृंदाची गाणी ऐकविली. डेन्व्हर शहराची ही मंडळी २००५ साली विभक्त झाली. परंतु तिने व तिच्या स्नेह्यांनी घडविलेली गायकी त्या शहराच्याच नावाने ओळखली जाते. वाद्ये खेडवळ, बँजोसारखी. शब्दांत मात्र पाप, मरण व ईश्वरी कोप यांचा काळोख. मुख्य गायक डेव्हिड युजीन एडवर्ड्स यांचे आजोबा धर्मोपदेशक होते. नातवाने ती प्रवचने टाकून दिली नाहीत, गाण्यात आणिली.

ऐकता ऐकता आम्हांस आमचे मामा आठवले.

साकोलीकडे त्यांची धानाची शेती होती. दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरे व रात्रभर दंडार चाले. आख्यानात मरणाचा प्रसंग आला म्हणजे मामांचा आवाज असा खोल उतरे की बायाबापड्यांचे पदर डोळ्यांस लागत. आणि घटकेत तेच मामा सर्वांस हसवीत. आम्ही तेव्हा भंडाऱ्यास महाविद्यालयात होतो. एका मंडईत आमचे सहाध्यायी बरोबर असता मामा रंगलेल्या तोंडानिशी येऊन म्हणाले, ‘‘हा आमचा भासा, कॉलेजात शिकते!’’ मित्रांनी ‘हे कोण’ म्हणून विचारिले. आम्ही उत्तरलो, ‘‘गावचे कोणी असतील.’’ मामांनी ते ऐकले. पुढे त्यांनी त्याचा कधी उल्लेखही केला नाही.

‘हॅम्लेट’मधील थडगे खणणाऱ्यांच्या विनोदाचे आम्ही पुढे वर्गात गोडवे गाइले, शोक व हास्य यांचे तेच मिश्रण दंडारीत होते, तेव्हा त्यास ग्राम्य ठरविले!

दंडार मात्र आमच्या लाजेपायी थांबली नाही. तिच्याच मुशीतून झाडीपट्टीची रंगभूमी उभी राहिली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत धान घरी आल्यावर तिचे नाटक रात्री उभे राहते ते पहाटेस संपते. वैनगंगेकाठचे वडसा नाटकमंडळ्यांचे माहेर झाले. आणि २०२३ साली या रंगभूमीचे नट परशुराम खुणे यांस पद्मश्री मिळाली.

त्याच महिन्यात चिरंजीवांस घेऊन आम्ही मंडईस गेलो. पहाटे परतताना त्यांस मामांची हकीकत सांगितली. आपला नकारही सांगितला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘बाबा, त्या आजोबांचा गाताना काढलेला एखादा फोटो आहे का?’’

आमच्यापाशी एकही नाही.