जीभ मोकळी होण्यापूर्वी

इंग्रजीच्या तासाच्या आरंभी पाच-दहा मिनिटे जो खेळ घेतला जातो आणि ज्याला शिक्षक 'वॉर्म-अप' म्हणतात, त्याचे खरे काम शब्द शिकवण्याचे नसून मुलांची भीड चेपण्याचे असते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या आणि सेवाग्रामात रुजलेल्या नई तालीमने, म्हणजे हाताच्या कामातून शिकवणाऱ्या पद्धतीने, आपल्या सात वर्षांच्या अभ्यासक्रमात इंग्रजीला स्थान दिले नव्हते.  तरीही आधी हात आणि मग अक्षर हा तिचा क्रम इंग्रजीच्याच वर्गाला इतका उपयोगी पडावा, हे विलक्षण आहे. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडलेली, सूचना ऐकून अंगाने कृती करण्याची रीतही याच वळणाची आहे. शिक्षक 'टेक द कॉटन', 'स्पिन', 'पुल स्लोली' असे म्हणत गेला आणि मुले पेळूतून टकळीवर सूत काढत राहिली, तर धागा तुटताच एखादे अबोल मूलही 'ब्रोकन!' असे आपसूक बोलून जाईल. पुस्तक उघडल्यावर तो धीटपणा टिकतो का, हा प्रश्न मात्र प्रत्येक वर्गात नव्याने उभा राहतो.