उच्छ्वासाचे बळ

कर्जतला घाट चढणाऱ्या आगगाडीला मागून जादा इंजिने जोडतात. ३७ फुटांमागे एक फूट असा तो चढ. माझ्या जुन्या, स्वस्त मोटारीला तसा रेटा टर्बो देतो. इंजिनातून वाया जाणारा वायू एक चक्र फिरवतो आणि ते चक्र इंजिनात अधिक हवा कोंबते. खोपोली सोडून बोरघाटात शिरताना क्षणभर काहीच घडत नाही. मग पाठीला धक्का बसतो. त्याच उष्णतेने तेल करपते, सील झिजतात. वर्षात दोनदा तिने मला शिंगरोबाच्या देवळाशी, बॉनेट उघडून, उभे केले. "विका आता," पत्नी म्हणते. हौशी माणूस विकत नाही. बिनतक्रार गाडीत मी नुसता बसलेला असतो. हिच्यात मात्र कान देऊन घाट चढतो. वर्गातही हल्ली तसा चढत नाही.