संगणकाचे निदान

घरच्या संगणकावर चलचित्र पाहत असता मध्येच पडदा हिरवागार व्हावा, माणसांचे चेहरे चौकोनी ठिकऱ्यांत विखरावेत आणि आवाज मात्र बिनतक्रार चालू राहावा, हा अनुभव आता बहुतेक सुशिक्षित कुटुंबांच्या परिचयाचा झाला आहे. अशा वेळी घरात जितकी माणसे तितके वैद्य! कोणी म्हणतो मॉनिटर गेला, कोणी म्हणतो यंत्र म्हातारे झाले. आणि एखादा धाडसी वीर एका दमात दहा सेटिंगे बदलून मोकळा होतो. मग चित्र सुधारले, तरी ते कशाने सुधारले हे कोणासच सांगता येत नाही. आमच्या मते येथे उणीव असते ती औषधाची नव्हे, निदानाची.

आमच्या मातोश्री आज हयात नाहीत. जात्यावरच्या ओव्या म्हणताना त्यांचे घेतलेले एक चित्रण तेवढे आमच्याजवळ आहे. तेच एके दिवशी हिरवे पडले. एका दुरुस्तीवाल्याने पाहताक्षणीच निकाल दिला, “फाइल खराब आहे, काढून टाका.” आम्ही तो निकाल मानला नाही व एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, असा नियम करून शोधास लागलो.

प्रथम डाग दिसत असतानाच स्क्रीनशॉट घेतला व तो दुसऱ्या संगणकावर उघडला. तो तेथे स्वच्छ दिसता, तर संशय बहुधा केबलवर वा मॉनिटरवर गेला असता. परंतु डाग त्यातही होता. म्हणजे दोष संगणकाच्या पोटातच. नंतर तीच फाइल दुसऱ्या संगणकावर लावली. चित्र निर्मळ! फाइल निर्दोष सुटली. मग आमच्या संगणकावर प्लेअरमधील हार्डवेअर अॅक्सिलरेशन बंद केले, म्हणजे चित्र उलगडण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडून काढून मुख्य प्रोसेसरकडे दिले. डाग नाहीसा झाला. तेव्हा कार्डाचा ड्रायव्हर नवा घातला, अॅक्सिलरेशन पुन्हा चालू केले, आणि ओव्या अखेरपर्यंत सुरळीत चालल्या.

पण डाग हिरवाच का? शून्य म्हणजे काळोख, अशी आपली समजूत. चलचित्रात मात्र उजेडाचा आकडा निराळा व रंगाचे दोन आकडे निराळे साठविलेले असतात. आणि नेहमीच्या ० ते २५५ ह्या मापात रंगाचा अभाव शून्याने नव्हे, तर मधल्या १२८ ने दाखवितात. जागा भरावयाची राहून तिन्ही आकडे शून्यच राहिले, की पडद्यावर हिरवा रंग उतरतो. ठिकऱ्यांचे कारण वेगळे. २००३ साली आलेल्या एच.२६४ सारख्या पद्धतीत प्रत्येक चित्र पूर्ण साठवीत नाहीत. एक पूर्ण चित्र ठेवून पुढे बहुतांशी फरकच नोंदवितात. एका चित्रातील चूक त्यामुळे पुढच्या चित्रांकडे वारशाने जाते व नवे पूर्ण चित्र आले म्हणजे खुंटते. तेव्हा घटकाभराने चित्र आपोआप सुधारले, एवढ्यावरून यंत्र बरे झाले असे समजू नये.

दोष कधी खरोखर फाइलीतही असतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण तो तेथे आहे, हे सिद्ध होण्यापूर्वी काही पुसून टाकू नये. आणि कोणताही उपचार आरंभण्याच्या आधी मूळ फाइलीची एक प्रत दुसऱ्या जागी ठेवावी.