नानांचा सॅक्सोफोन

गेल्या दिवाळीत बोरीला गेलो तो खिशात एक सॅक्सोफोन घालून. खरा नव्हे, मोबाइलमधला. खरा घ्यायची माझ्या पगाराची ऐपत असली तरी घरातून परवानगी मिळाली नसती!

सॅक्सोफोन न्यायचा होता नानांसाठी. नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. जिंतूर तालुक्यातल्या आमच्या बोरीत आणि आसपासच्या गावांत ते लग्नसराईत बँडपार्टीबरोबर वाजवायचे. अंगात लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, गळ्यात ते वाकडं पितळी वाद्य; आम्ही पोरं त्याला हुक्का म्हणत असू. वरात पाराशी थांबली, नवरदेवाचे मित्र नाचायला सरसावले, की नेमके तेव्हाच नाना सिनेमाच्या गाण्याची वाट सोडून आडरानात शिरत. ढोल तोच, लय तीच. पण चाल मात्र कुठल्या कुठे. नाचणारे खोळंबत, बँडमास्तर डोळे वटारी, आणि नाना सावकाश हिंडून बरोबर धृपदावर येऊन मिळत. या हिंडण्यापायी एकदा त्यांची बिदागीही कापली गेली.

मला त्यांची लाज वाटे. परभणीला कॉलेजात असताना कुणी विचारलं, ‘चुलते काय करतात?’ तर मी ‘शेती’ म्हणून मोकळा होई. तीन एकर शेत होतंच, त्यामुळे ते खोटं नव्हतं. एवढीच काय ती सोय.

पुढे मराठीचा प्राध्यापक झालो. आमच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारे एक गोवेकर सहकारी आहेत. एका रिकाम्या तासाला त्यांनी मला ब्राझ गोन्साल्विस ऐकवले, आणि मी चमकलो. हे तर नानांचं आडरान!

सहकाऱ्यांनी मग सगळी वंशावळच सांगितली. या वादनाला म्हणतात बीबॉप. 1940 नंतर न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात काही निग्रो वादक हॉटेलातली नोकरी आटोपून रात्री उशिरा आपल्यापुरते वाजवायला बसत; तिथे हे घडलं. त्यांतला मोठा चार्ली पार्कर. प्रसिद्ध गाण्याचा सांगाडा तेवढा ठेवायचा, वरची चाल काढून टाकायची आणि त्या जागी भन्नाट वेगाने आपली चाल जागच्या जागी रचायची. त्याची 1945 सालची ‘को को’ ही ध्वनिमुद्रिका अशीच ‘चेरोकी’ नावाच्या जुन्या गाण्यावर उभी आहे. यावर नाचता येईना, म्हणून पुष्कळांनी नाकं मुरडली. पार्कर 1955 साली गेला, चौतिसाव्या वर्षी. प्रेत पाहणाऱ्या डॉक्टरांना तो पन्नाशी उलटलेला वाटला. त्याच्या नादाने कित्येक वादकांनी हेरॉइन उचललं. ते उचलणं सोपं होतं. स्वर उचलायला बसावं लागतं.

गोन्साल्विस गोव्यातल्या नेवऱ्याचे. तिकडे चर्चच्या शाळांतून पोरांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायची जुनी रीत. गावात पोट भरेना म्हणून ती पोरं मुंबई-कलकत्त्याची हॉटेलं आणि सिनेमाचे स्टुडिओ गाठत. आपल्या सी. रामचंद्रांच्या 1951 सालच्या ‘अलबेला’तली गाणी आठवा; त्यांत चिक चॉकलेट या गोवेकराचा ट्रम्पेट आहे. भारतात बीबॉप वाजवणाऱ्या पहिल्या काही मोजक्या माणसांत गोन्साल्विस येतात. कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या ‘ब्ल्यू फॉक्स’मध्ये लुई बँक्स यांच्याबरोबर त्यांनी वाजवलं, समोर माणसं जेवताहेत, आणि हे आपल्या वाटेने चाललेले. ‘रागा रॉक’ ही त्यांची तबकडी 1970 सालची. चाव्यांच्या या वाद्यावर राग वाजवायचा म्हणजे मींड ओठांनी आणि दमाने काढावी लागते. पार्करसारखा स्वतःचा जाळ मात्र त्यांनी करून घेतला नाही. उतारवयात ते गोव्याला परतले, आणि वाद्य चर्चमध्ये वाजू लागलं.

तर हे सगळं खिशात घालून मी बोरीला गेलो. नानांचे पुढचे दात पडले, तेव्हापासून वाजवणं सुटलं. सॅक्सोफोनचं टोक दाताखाली धरावं लागतं. ओसरीवर कापसाच्या ढिगाला टेकून बसले होते. मी फोन कानाशी धरला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हा दम कुठं घेऊ लागला रे?”

मला कुठलं कळायला! तोच तुकडा तीनदा लावला. तिसऱ्यांदा त्यांनी बोट वर केलं. “हितं. चोरून घेतो.”

थोड्या वेळाने विचारलं, “ह्याला बँडमास्तर न्हवता का?”

“हॉटेलचे मालक होते.”

“म्हंजे व्हताच.”

मग मी, का कोण जाणे, सांगून टाकलं. कॉलेजातलं, शेती म्हणायचो ते. मान खाली घालून सांगितलं. नाना फोनकडेच बघत होते.

“शेती बी करतच होतो की,” ते म्हणाले. “लाव पुन्यांदा.”

गाणं सुरू झालं, तशी त्यांची बोटं गुडघ्यावर हलू लागली.