एका ओळीतला मामा

वाकोल्यात आमच्या तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत एक लेथ आहे. बेड तीन फुटी, पण वजन असं की चौघांनी पाइपांवरून सरकवत आत घेतली. पूर्वी ती कलिन्याच्या एका गाळ्यात होती आणि २६ जुलै २००५ ला तिथेच पाण्याखाली गेली. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हा आकडा सगळ्या मुंबईला पाठ आहे. माझ्याकडे तो बेडवरच्या तपकिरी डागांच्या रूपात आहे. पुढे कधीतरी ती भंगारात निघाली तेव्हा मामाने अडवली. बेडवरून नख फिरवत म्हणाला, "चकाजवळ जरा खाल्लाय. तेवढा सगळ्यांचाच खाल्लेला असतो. घे."

मामा टर्नर. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. मी सीप्झमध्ये सॉफ्टवेअर लिहायचो. नावात सांताक्रूझ आणि पत्त्यात अंधेरी, अशा त्या वसाहतीत मी आयुष्यभर पडद्यावरच्या गोष्टी केल्या. हाताला तेल कधी लागलं नाही. निवृत्तीनंतर ठरवलं, ही लेथ कॉम्प्युटरवर चालवायची. जुने स्क्रू काढून पाच मिलिमीटर पिचचे, म्हणजे एका फेऱ्यात तेवढं सरकवणारे, बॉलस्क्रू बसवले, हँडलांच्या जागी स्टेपर मोटर आल्या. पॅरलल पोर्ट असलेला एक जुना पीसी लॅमिंग्टन रोडवरून आणला. सुटी झालेली हँडलं मामाने कापडात गुंडाळून ठेवली. बोलला काही नाही.

सॉफ्टवेअर लिनक्ससीएनसी. मशीनला अंकांनी हुकूम देण्याची सुरुवात १९५२ ची. एमआयटीत पंच केलेल्या टेपवर चालणारं मिलिंग मशीन तेव्हा लोकांना दाखवलं गेलं. लिनक्ससीएनसीचं मूळ त्यानंतरचं, अमेरिकेच्या मोजमापांच्या राष्ट्रीय संस्थेत १९९० च्या दशकात झालेल्या कामात. तो सरकारी कोड सगळ्यांना खुला होता, म्हणून आज वाकोल्यातला निवृत्त माणूसही तो फुकट चालवू शकतो.

माझ्या मोटरला एका फेऱ्यासाठी पीसीकडून विजेचे २००० ठोके लागतात, म्हणजे मिलिमीटरला ४००. जॉब धरणारं चक मिनिटाला २०० फेरे घेत असताना दीड मिलिमीटरचे आटे पाडायचे, तर सेकंदाला २००० ठोके वेळेवर जायला हवेत. इथे सरासरीला अर्थ नाही. लोकल महिनाभर वेळेवर धावली आणि नेमकी मुलाखतीच्या दिवशी रखडली, तर महिन्याची सरासरी घेऊन काय करायचं? त्यामुळे पीसी किती वेगवान आहे हे कोणी विचारत नाही. तो जास्तीत जास्त किती उशीर करतो, ते मोजतात. आणि एखादा ठोका हुकला तर माझी मोटर कळवत नाही. जॉब हातात आल्यावरच कळतं.

मामाच्या काळी आटे पाडणं हा अर्ध्या दिवसाचा सोहळा असे. टूल सरकवणारा लीडस्क्रू इंचाचा, आटे मिलिमीटरचे. मग १२७ दातांचा गिअर चढवायचा, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर आणि त्याची पाचपट १२७. तेवढं करूनही टूलची एक खेप, म्हणजे पास, संपला की टूलला लीडस्क्रूशी जोडणारा हाफनट सोडायचा नाही, नाहीतर पुढच्या पासला टूल जुन्या आट्यात बसत नाही. टूल बाहेर घ्यायचं, मोटर उलटी फिरवून मागे यायचं, पुन्हा सुरू. आता चक फिरवणाऱ्या स्पिंडलच्या मागे मी शंभर खाचांची चकती लावली आहे आणि तिच्यावर एक वेगळी, एकटी खाच आहे. प्रत्येक पासच्या आधी टूल त्या एका खाचेची वाट बघतं. ती समोरून गेली की निघतं. १२७ चा गिअर फळीवर आहे. त्यावर मामा चहाचा कप ठेवतो.

आटे पाडायची सगळी आज्ञा एका ओळीत मावते. तिचं नाव जी-७६. पुढे एकेक अक्षर आणि त्याचा आकडा. पी म्हणजे पिच. जे म्हणजे पहिल्या पासची खोली, के म्हणजे पूर्ण खोली. आरवर मी बराच अडलो. पुस्तकात लिहिलं होतं, प्रत्येक पास आधीच्यापेक्षा किती हलका घ्यायचा ते यावर ठरतं. मामाला विचारलं. म्हणाला, "अरे, टूल आत जाईल तसं जास्त घासणार. मग सारखाच कट कसा देशील?" क्यू म्हणजे टूल तिरकं आत नेण्याचा कोन, साडेएकोणतीस अंश. मामा कंपाउंड स्लाइड तेवढीच वळवायचा, म्हणजे टूल एकाच अंगाने कापतं. एच म्हणजे शेवटच्या खोलीवर आणखी किती पास. टूल आणि जॉब दाबाने किंचित मागे झुकलेले असतात. तोच आकडा ठेवून पुन्हा फिरवलं की राहिलेलं निघतं. मामा असे दोन पास घ्यायचा. मी एचपुढे २ लिहिला.

तेव्हा लक्षात आलं, ही ओळ कोणा प्रोग्रामरला टेबलाशी बसून सुचलेली नाही. तिच्या अक्षराअक्षरात कुठल्यातरी टर्नरची सवय आहे. मी नवं काही लिहीत नव्हतो. माझा मामा जागच्या जागी भरत होतो.

पहिला जॉब दहा मिलिमीटरचा बोल्ट, पिच दीड. कोष्टकात खोली ०.९२ होती. के समोर तेच लिहिलं. आटे चकचकीत निघाले, पण नट चढेना. मामाने जॉबकडे बघून विचारलं, "एका बाजूचं लिहिलंस की दोन्ही?" माझं मशीन व्यासात मोजत होतं आणि कोष्टकातली खोली एका बाजूची होती. "डायलवर जितकं देशील त्याच्या दुप्पट जॉबवरून जातं, हे आम्हाला पहिल्या दिवशी कानफटात देऊन शिकवलं होतं." ०.९२ चं १.८४ केलं. जॉब चकातून काढलाच नव्हता, त्या एका खाचेने टूलला बरोबर त्याच आट्यात नेलं आणि नट बोटाने चढला. मामाने तो तीनदा काढून घातला.

दुसऱ्या जॉबला चौथ्या पासच्या मध्यावर मामा म्हणाला, "टूल गेलं." मला काहीच ऐकू आलं नव्हतं. पॉझ दाबलं तरी मशीन थांबेना. आट्यांच्या मध्ये ते तसं थांबतच नाही, पास पुरा करतं. मी चिडलो. मामा म्हणाला, "शहाणं आहे. चक फिरतंय आणि टूल उभं राहिलं तर आट्याला खड्डा पाडेल." मग टूल बघितलं. टोक उडालं होतं.

कानासाठी जी-७६ मध्ये अक्षर नाही. म्हणून आटे सुरू होण्याआधी मी एम-१ घातला. तो पर्याय चालू ठेवला की त्या जागी मशीन थांबून माझी वाट बघतं. शेजारी कंसात टीप लिहिली. कंसातलं मशीन सोडून देतं, ते माणसासाठी असतं: टूलची धार बोटाने बघ.

मामाने चष्मा वर करून पडदा वाचला. "धार बोटाने बघतात होय रे? नखावर बघतात. धरली तर धार आहे, घसरली तर गेली."

मी बोट खोडून नख लिहिलं.